उशिराची लस आणि अर्धे खरे आक्षेप

सोलापूर जिल्ह्यातला पंढरीचा विठोबा कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम्‌लाही नांदतो आहे. याच जिल्ह्याचा तमिळनाडूशी आणखी एक धागा आहे, त्याची वाच्यता कमी होते. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि दिंडिगल जिल्ह्यातले अंबिलिक्कैचे आरोग्यकेंद्र, ही दोन्ही गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरच्या लसीच्या, २००९ साली सुरू झालेल्या भारतीय अभ्यासाची केंद्रे होती. मुलींना ही लस द्यावी, हे आता बऱ्याच जणांना पटते. वाद उरतो तो त्यांच्या आयांचा: लग्न झाले, मुले झाली, आता लस घेऊन काय उपयोग?

हा आक्षेप अर्धा खरा आहे, म्हणूनच तो टिकून आहे. हा संसर्ग शरीरसंबंधातून होतो, आणि झालेला संसर्ग लसीने बरा होत नाही. पण या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे मुख्यतः १६ आणि १८ क्रमांकाचे असतात, आणि एक झाला म्हणजे दुसराही झालाच असे नाही. २४ ते ४५ वयाच्या ३,८०० हून अधिक स्त्रियांच्या एका चाचणीत, लसीतल्या प्रकारांपासून आधी मुक्त असलेल्यांना सुमारे ९० टक्के संरक्षण मिळाले. संसर्ग असलेल्यांसह सगळ्यांना धरले तेव्हा ते ३० टक्क्यांच्या आसपास उतरले. म्हणजे लाभ घटतो, संपत नाही. लस घेण्यात चारित्र्याची शंका पाहणारे तर विसरतात की जन्मभर एकच जोडीदार असलेल्या बाईलाही हा संसर्ग त्याच्याकडून होऊ शकतो.

दुसरे आक्षेपक २०१० चा दाखला देतात. खम्मम आणि वडोदऱ्याला ही लस देण्याच्या वेगळ्या प्रकल्पात काही मुली दगावल्या आणि त्या गदारोळात बार्शीच्या अभ्यासातले लसीकरणही थांबले. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. संमती घेण्यात मात्र गंभीर दोष निघाले, कुठे पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या. तो राग रास्तच. पण तिशीतली बाई स्वतः विचारून, स्वतःची सही करून दंड पुढे करते.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि तो खरा आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस २६ वर्षांपर्यंतच आहे. त्यापुढे ४५ पर्यंतच्या स्त्रियांसाठी परदेशी, महागडी गार्डासिल, तीही सहा महिन्यांत तीन डोस. याचे उत्तर बार्शीकरांच्याच कामात सापडते. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांची एकदाच एचपीव्ही चाचणी केली, तर त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणून पैसा एकाच गोष्टीपुरता असेल, तर तिशी ओलांडलेलीने आधी या चाचणीसाठी छोट्या ब्रशने घेतला जाणारा नमुना द्यावा. ऐपत असेल तिने लसही घ्यावी, आणि लस घेतली म्हणून तपासणी चुकवू नये.