कुत्र्याचा पिंजरा : घर की तुरुंग?

नवरा-बायको दोघेही नोकरीला, मुले कॉलेजात. मग बंद ब्लॉकमध्ये लहानसा पॉमेरियन दिवसभर एकटा. त्याच्यासाठी हल्ली तारेचा पिंजरा आणतात. पुष्कळांना हा क्रूरपणा वाटतो. मला तसे सरसकट वाटत नाही. मोकळे पिल्लू विजेच्या वायरी कुरतडते; पिंजऱ्यात ते सुरक्षित राहते.

मात्र आत त्याला उभे राहता, वळता, पाय पसरून झोपता आले पाहिजे. आधी दार उघडे ठेवून, आतच खाऊ घालून सवय लावावी. चार महिन्यांच्या पिल्लाला चार-पाच तासांपलीकडे लघवी आवरत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घामही येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करते. म्हणून सावली, वारा, पाणी हवेच.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अपुरा पिंजरा हा गुन्हा आहे. नेहमी कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला न फिरवणे हाही गुन्हाच.

कन्नडमध्ये 'गूडु' म्हणजे घरटे, 'पंजर' म्हणजे पिंजरा. दोन-तीन तासांचा गूडु नऊ ते सहा दार लावले की पंजर होतो. दुपारी ज्याला घरी येता येत नाही आणि शेजाऱ्याकडे किल्लीही ठेवता येत नाही, त्याने कुत्रे पाळण्याचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.