पहिली विक्री भुकेची, दुसरी विक्री चवीची : बॉक्सिंग गेमच्या फॅन्सनी शिकवलेला धडा



मागच्या वर्कशॉपमध्ये एका मुलाने मला विचारलं, "सर, माझ्या प्रॉडक्टला कॉम्पिटिशनच नाही. लोक मागतायत, पण कुणी देत नाहीये. म्हणजे धंदा चालणारच ना?" मी त्याला म्हटलं, "सुरू तर नक्की होईल." सगळे हसले आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो. पण ते उत्तर अर्धवट होतं. उरलेलं अर्धं आज देतो, आणि त्यासाठी एक वेगळंच उदाहरण घेतो : बॉक्सिंगचे व्हिडिओ गेम.

तुम्ही म्हणाल, सर, आम्हाला मसाले विकायचेत, बुटीक काढायचंय, आम्हाला गेमचं काय? पाच मिनिटं द्या. मी स्वतः गेम खेळणारा माणूस नाही. माझा भाचा खेळतो. त्याने एकदा सहज सांगितलं, "मामा, बॉक्सिंगचा चांगला गेम कितीतरी वर्षं आलाच नव्हता. लोक 2011 चाच खेळत बसले होते." माझ्यातला धंदेवाला लगेच जागा झाला. जगभर ज्या खेळाचे चाहते आहेत, त्याच्या गेमचं दुकान इतकी वर्षं बंद का?

थोडा इतिहास बघा. बॉक्सिंगचे गेम नवे नाहीत. सेगा कंपनीचा 'हेवीवेट चॅम्प' 1976 मध्ये आला. 1987 मध्ये निन्टेंडोने माइक टायसनच्या नावावर 'पंच-आउट' काढला. पुढे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए कंपनीने 1998 पासून 'नॉकआउट किंग्ज' आणि 2004 पासून 'फाइट नाइट' ही मालिका चालवली. मार्च 2011 मध्ये 'फाइट नाइट चॅम्पियन' आला आणि मालिका तिथेच थांबली. 2014 मध्ये ईएने यूएफसीचा गेम काढला आणि आपला जोर तिकडे लावला.

आता नीट लक्ष द्या. मार्केट रिकामं झालं, पण मागणी संपली म्हणून नाही. यूएफसीमध्ये एकाच संस्थेकडे बहुतेक खेळाडूंचे करार असतात. तिथे एका टेबलावर बसलात की काम झालं. बॉक्सिंगचं तसं नाही. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार मोठ्या संस्था चार वेगवेगळे पट्टे देतात. प्रमोटर वेगळे, टीव्हीचे करार वेगळे आणि प्रत्येक बॉक्सरच्या चेहऱ्याचा हक्क वेगळा. टायसनचंच बघा. निन्टेंडोचा त्याच्याशी करार संपल्यावर 1990 मध्ये तोच गेम परत आला, पण शेवटी टायसनच्या जागी 'मिस्टर ड्रीम' नावाचा काल्पनिक बॉक्सर उभा होता. गेम तोच, चेहरा गेला.

म्हणून पहिला मुद्दा वहीत लिहा. रिकामं दुकान दिसलं की आधी विचारा, ते रिकामं का आहे? गिऱ्हाईक नाही म्हणून, की माल उभा करणं महाग आणि कटकटीचं आहे म्हणून? पहिलं कारण असेल तर लांब राहा. दुसरं असेल तर संधी आहे, पण ती कटकट आता तुमची असणार आहे.

बॉक्सिंग गेमच्या बाबतीत दुसरं कारण होतं. याचा पुरावा कुठे मिळतो? फॅन्सच्या वागण्यात. हे लोक 2011 चा गेम दहा-बारा वर्षं खेळत राहिले. त्या गेममध्ये स्वतःचा बॉक्सर तयार करून इतरांना देता यायचा. मग ज्या बॉक्सरचा करार कंपनीकडे नव्हता, तो फॅन्सनी तयार केला. चेहऱ्याचा आकार, शॉर्ट्सचा रंग, उभं राहण्याची ढब, सगळं तासन्‌तास बसून. पगार नाही, कौतुक करणारे चार लोक. मित्रांनो, मागणी अशी ओळखायची. "हो हो, तुम्ही काढा, आम्ही घेऊ," असं तोंडाने सगळेच म्हणतात. पण माणूस एखाद्या गोष्टीची सोय नाही म्हणून स्वतः तास-तास खपत असेल, तर ती खरी भूक.

ही भूक शेफील्डमधल्या अॅश हबीब आणि त्यांच्या भावांनी ओळखली. शेफील्ड हे इंग्लंडमधलं पोलादाचं शहर. नसीम हमीद, केल ब्रूक असे विश्वविजेते तिथल्याच जिममध्ये तयार झाले. हबीब गेम बनवणाऱ्या धंद्यातले नव्हते. बॉक्सिंगचे फॅन होते. कुणी गेम काढत नाही, मग आपणच काढू, असं म्हणून 2020 मध्ये त्यांनी स्टील सिटी इंटरअॅक्टिव्ह ही कंपनी काढली. सुरुवातीला गेमचं नाव होतं 'ई-स्पोर्ट्स बॉक्सिंग क्लब'. बनत असलेल्या गेमचे व्हिडिओ बाहेर आले आणि फॅन्स अक्षरशः तुटून पडले. पुढे नाव बदलून 'अनडिस्प्युटेड' झालं. 31 जानेवारी 2023 ला तो कॉम्प्युटरवर 'अर्ली अॅक्सेस'मध्ये आला. म्हणजे काम पूर्ण व्हायच्या आधीच विक्री : तुम्ही विकत घ्या, खेळा, चुका सांगा, आम्ही सुधारतो. ऑक्टोबर 2024 मध्ये पूर्ण गेम आला. मोहम्मद अली, टायसन फ्युरी, उसिक, कनेलो, केटी टेलर असे 70 हून जास्त बॉक्सर त्यात होते. 10 लाखांपेक्षा जास्त प्रती विकल्या गेल्याचं कंपनीने जाहीर केलं.

नवख्या माणसांनी मोठ्या कंपनीने सोडलेल्या जागेत येऊन दहा लाख प्रती विकल्या! इथे व्हिडिओ संपवला तर छान मोटिव्हेशनल गोष्ट होते. पण मला इथे संपवायचं नाही.

कारण ज्यांनी सगळ्यात जास्त वाट बघितली होती, तेच लोक सगळ्यात जास्त चिडले. स्टीमवर रिव्ह्यू संमिश्र आले. तक्रारी काय होत्या? सुरुवातीच्या व्हिडिओत पाय जसे पडत होते, तसे आता पडत नाहीत. ठोसा लागल्याचं वजन जाणवत नाही. प्रत्येक अपडेटनंतर खेळ वेगळाच वाटतो. रिंगमध्ये फिरणारा रेफरी कुठाय? दमलेले बॉक्सर एकमेकांना मिठी मारून श्वास घेतात, तो क्लिंच कुठाय?

बाहेरच्या माणसाला वाटेल, काय हे, रेफरीवरून भांडतात! पण बॉक्सिंग बघणाऱ्याला विचारा. पुरुषांची वर्ल्ड टायटलची लढत म्हणजे तीन-तीन मिनिटांच्या 12 फेऱ्या आणि मध्ये एक-एक मिनिट विश्रांती. हा खेळ जितका मारण्याचा, तितकाच दम राखण्याचा. 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासामध्ये अली काय करत होता? दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे हातांवर आणि अंगावर झेलत होता. फोरमन मारून मारून थकला आणि आठव्या फेरीत अलीने त्याला पाडलं. आता गेममध्ये दोरांना टेकून समोरच्याला थकवण्याची चालच नीट जमत नसेल, तर अलीचा चेहरा हा नुसता डब्यावरचा स्टिकर झाला. चेहरा करार करून विकत घेता येतो. चाल मात्र तुम्हालाच बनवावी लागते.

कंपनीची अडचणही खरी आहे, हे मान्य करूया. फॅन्स म्हणजे एकच माणूस नसतो. एक गट म्हणतो, खेळ अगदी खऱ्यासारखा करा, जास्त ठोसे मारले की हात जड व्हायला पाहिजेत. दुसरा गट ऑनलाइन खेळतो, त्याला वेग पाहिजे आणि जिंकायचं असतं. तिसऱ्याला घरी एकट्याने बसून आपल्या बॉक्सरचं करिअर घडवायचं असतं. एकाचं ऐकलं की दुसरा ओरडतो. आणि मोठ्याने ओरडणारे म्हणजे सगळं गिऱ्हाईक, असंही नसतं. मग ऐकायचं कुणाचं?

माझं मत स्पष्ट सांगतो. दुखतंय कुठे, ते गिऱ्हाईकाला विचारा. औषध काय, ते मूळ गोष्टीला विचारा. इथे मूळ गोष्ट म्हणजे बॉक्सिंग. दोन फॅन्स भांडले की निकाल खऱ्या रिंगमध्ये लागायला पाहिजे. खरा बॉक्सर असा दमतो का? मग गेममध्ये दमवा. थोडं गिऱ्हाईक नाराज होईल, पण प्रत्येक अपडेटला तुमचा माल वेगळा दिसणार नाही.

आता कुणी म्हणेल, "सर, दहा लाख विकले ना? मग ओरडू देत." नाही. इथेच खरी मेख आहे. ती पहिली विक्री एकट्या कंपनीने कमावलेली नव्हती. तिच्यामागे तेरा वर्षांची भूक होती. भुकेला माणूस पहिला घास चव न बघता घेतो. पण भूक एकदाच विकता येते. दुसऱ्या वेळी तो चव बघूनच पैसे देणार. त्या कंपनीची खरी परीक्षा पुढच्या गेमला आहे, आणि त्या वेळी तेच चिडलेले लोक दहा जणांना सांगणार, घ्या किंवा घेऊ नका.

हे मी इतक्या खात्रीने बोलतोय, कारण मी हाच मार खाल्लेला आहे. ट्रेनिंगमध्ये येण्याआधी मी चकलीची भाजणी विकायचो. आमच्या सोसायटीत सगळ्यांचं एकच रडगाणं, "घरच्यासारखी भाजणी कुठे मिळत नाही." सासूबाईंनी तांदूळ, डाळी, धणे, जिरे सगळं वेगवेगळं, मंद आचेवर कढईत भाजून सॅम्पल करून दिलं. मी पाव-पाव किलो वाटलं. दिवाळीत 60 किलोची ऑर्डर! आता इतकं कढईत कोण भाजणार? मी बाहेरून एकत्र भाजून आणलं. काही डाळी कच्च्या, काही करपलेल्या. माल चार दिवसांत संपला. मी पेढे वाटले.

पुढच्या दिवाळीला ऑर्डर आली 11 किलो. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "अरे, सॅम्पल दिलं होतंस ती भाजणी कुठाय? ती असेल तर दे." मी म्हटलं, "काकू, तीच आहे." त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. खोटं बोललो होतो आणि त्यांना ते कळलं होतं. आजही त्या काकू जिन्यात भेटल्या की मला ते बघणं आठवतं.

मित्रांनो, सॅम्पल म्हणजे जाहिरात नाही, ती उधारी आहे. गिऱ्हाईकाला जे दाखवलं, तेवढं त्याचं देणं तुमच्यावर चढलं. बॉक्सिंग गेमच्या पहिल्या व्हिडिओने जे चढलं, तेच माझ्या पाव किलोने चढलं. जितकं भारी सॅम्पल, तितकी मोठी उधारी. आणि जुना, जाणकार गिऱ्हाईक ती उधारी विसरत नाही, कारण सगळ्यात जास्त आशा त्यालाच असते. तो तक्रार करतो म्हणजे अजून दारात उभा आहे. बोलायचा थांबला की समजा, गेला. माझ्या काकूंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तर त्या वर्कशॉपमधल्या मुलाला, आणि तुम्हाला, उरलेलं उत्तर असं : हो, कॉम्पिटिशन नाही आणि लोक मागतायत, तर धंदा सुरू होईल. टिकेल की नाही, ते दुसरी ऑर्डर ठरवेल.

आज एक काम करा. एक कागद घ्या. डाव्या बाजूला लिहा, सॅम्पलमध्ये किंवा पहिल्या फोटोत मी गिऱ्हाईकाला काय दाखवलं. उजव्या बाजूला लिहा, 50 नगांची ऑर्डर आली तर मी त्यातलं काय काय तसंच देऊ शकेन. दोन्ही बाजू जुळत नसतील तर ऑर्डर कमी घ्या, नाहीतर सॅम्पल खरं दाखवा. थोडं कमी विकलं जाईल, चालेल. पण जिन्यात कुणाची नजर चुकवावी लागणार नाही.

कागद भरून झाला की डाव्या बाजूची एक आणि उजव्या बाजूची एक ओळ मला कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यातली काही उदाहरणं घेऊन आपण हिशोब मांडूया.

भेटूया. धंदा करा, पण उधारी लक्षात ठेवून करा.