माध्यमांतर आणि निष्ठा : मणी कौल यांच्या निमित्ताने

साहित्यकृतीच्या चित्रपटीय माध्यमांतराचा विचार आपल्याकडे बहुधा एकाच प्रश्नापाशी थांबतो : मूळ कृतीतील किती भाग पडद्यावर आला? विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून पात्रे, प्रसंग आणि शेवट यांचे तक्ते मांडले जातात, साम्यभेदांची मोजदाद होते आणि तेवढ्यावर ‘निष्ठे’चा निवाडा दिला जातो. हा प्रश्न मुळातच अपुरा आहे, असे माझे मत आहे. मणी कौल (१९४४–२०११) यांची कारकीर्द पाहता हे अपुरेपण विशेष जाणवते.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटक यांचे शिष्यत्व लाभलेल्या कौल यांनी सुमारे तीन दशके साहित्याची सोबत सोडली नाही. मोहन राकेश, विजयदान देथा, मुक्तिबोध, दस्तयेव्हस्की, विनोदकुमार शुक्ल अशी ही परंपरा आहे. मात्र साहित्याकडून त्यांनी कथानक क्वचितच उसने घेतले. ‘उसकी रोटी’त (१९७०) बसचालक नवऱ्यासाठी भाकरी घेऊन थांब्यावर उभी असलेली बालो आहे. घटना जवळजवळ नाहीच. आहे ते थांबणे. राकेश यांच्या कथेतील ही प्रतीक्षा कौल यांनी प्रेक्षकाच्या स्वतःच्या अनुभवाचा काळ बनविली.

‘दुविधा’चे उदाहरण अधिक बोलके आहे. व्यापाऱ्याच्या मुलाचे रूप घेऊन त्याच्या नववधूसोबत राहणाऱ्या भुताची देथा यांची ही कथा कौल यांनी १९७३ मध्ये, चित्रकार अकबर पदमसी यांच्या साहाय्याने, अत्यल्प साधनांत चित्रित केली. त्याच कथेवर अमोल पालेकर यांनी २००५ मध्ये ‘पहेली’ केला. ‘पहेली’त भूत अखेरीस पतीच्या देहात शिरून नायिकेकडे परतते, ‘दुविधा’त ते कोंडले जाते आणि तिला नवऱ्याबरोबरच दिवस काढावे लागतात. पण केवळ शेवट कायम राखल्यामुळे कौल मूळ कथेला अधिक जवळचे ठरत नाहीत. स्थिरचित्रे आणि अलिप्त निवेदन यांच्या योगाने त्यांनी लोककथेच्या सांगण्यातील अंतर जपले आहे. निष्ठा असेल तर ती या अंतराशी आहे.

मराठीच्या अभ्यासकाला दोन कारणांनी हा विषय परका राहत नाही. ‘सतह से उठता आदमी’ (१९८०) हा चित्रपट ज्यांच्या कथा, कविता व वैचारिक लेखनातून घडला, ते गजानन माधव मुक्तिबोध मराठीभाषक घरातले, शरच्चंद्र मुक्तिबोधांचे बंधू. दुसरे, तेंडुलकरांच्या नाटकावरील ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) हा मराठी चित्रपट कौल आणि के. हरिहरन, कमल स्वरूप, सईद मिर्झा यांनी ‘युक्त’ या सहकारी संस्थेच्या द्वारे सिद्ध केला. ओम पुरी यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांपैकी हा एक. बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेच्या संग्रहातील प्रतीच्या आधारे तो पुनरुज्जीवित होऊन २०१४ मध्ये तेथील महोत्सवात दाखविण्यात आला. ज्या नाटकावर आपण इतके लिहिले, त्याच्या चित्रपटाचा सांभाळ परदेशी संग्रहाने करावा, ही आपल्या अभ्यासाला शोभणारी गोष्ट नव्हे.

कौल दुर्बोध आहेत, हा आक्षेप जुना आहे; सत्यजित राय यांच्यासारख्यांनीही ‘दुविधा’वर कठोर टीका केली होती. त्यात तथ्यांश आहे. मुक्तिबोध न वाचलेला प्रेक्षक ‘सतह से उठता आदमी’समोर अवघडून बसतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि दुर्बोधतेच्या आरोपावरून आपण मर्ढेकरांना अभ्यासक्रमाबाहेर काढले नाही. उलट त्यांना वाचण्याची रीत शिकविली. चित्रपटालाही तीच सवलत का नसावी?

स्वतंत्र चित्रपटकाराला वितरक नसतो, चित्रपटगृह नसते आणि पुष्कळदा धड प्रतही उरत नाही. त्याच्या कृतीला दुसरे आयुष्य मिळण्याची जी थोडी ठिकाणे आहेत, त्यांत विद्यापीठाचा वर्ग हे एक. तेथेही आपण कथानकाचीच मोजदाद करीत बसलो, तर बाजाराचा निकष आपणच वर्गात आणल्यासारखे होईल. म्हणून माध्यमांतराच्या अभ्यासपत्रिकेत ‘काय आले, काय गळले’ या प्रश्नाआधी ‘मूळ कृतीच्या निवेदनाचे, काळाचे आणि मौनाचे काय झाले’ हा प्रश्न यावा. त्यासाठी संहितेसोबत चित्रपट प्रत्यक्ष दाखविणे अनिवार्य करावे आणि प्रारंभ ‘घाशीराम’पासूनच व्हावा.