तिसरा माणूस हवाच

वसई-विरार पट्ट्यात पूर्वी ओळखी जुळायच्या त्या कॉलेजात, लोकलच्या रोजच्या डब्यात, गणपतीच्या मंडळात नाहीतर दसऱ्याला जीवदानीच्या जत्रेत. नजरानजर, मग चिठ्ठी, मग कुणाकरवी निरोप. या सगळ्यात एक तिसरा माणूस असायचाच. तो चहाड्या करायचा हे खरे. पण मुलगा कसा आहे, घर कसे आहे, हेही त्यालाच ठाऊक असायचे.

मोबाइलने हा तिसरा माणूस बाजूला केला. अमेरिकेत २०१७ मध्ये जमलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के जोडपी इंटरनेटवर भेटली होती, असे स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ मायकल रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले. मित्रांमार्फत होणाऱ्या ओळखी त्यामुळे मागे पडल्या. यात वाईटच आहे असे नाही. घटस्फोटित, विधवा, समलिंगी अशा ज्यांच्यासाठी मध्यस्थ कधी उभाच राहिला नाही, त्यांना हे दार पहिल्यांदा उघडले.

पण डॉक्टर म्हणून मला या बदलाची दुसरी बाजू दिसते. चॅटवर आवाज, चेहरा, वागणूक कळत नाही. रिकाम्या जागा आपले मन भरते, आणि ते नेहमी चांगलेच भरते. उत्तर कधी येईल ते ठाऊक नसल्याने पुन्हा पुन्हा फोन पाहिला जातो. जवळीक झाली असे वाटते, प्रत्यक्षात माहिती काहीच नसते.

आजाराचेही तसेच. सिफिलिसचा पहिला व्रण दुखत नाही, आपोआप भरतो; आजार मात्र शरीरात राहतो. वेळेत कळला तर पेनिसिलिनने बरा होतो. अशा वेळी जोडीदाराचीही तपासणी लागते. पण खाते बंद झाले, नंबर ब्लॉक झाला, की कळवायचे कुणाला?

हिंसेच्या बाबतीत तर आपण हे अगदी जवळून पाहिले. डेटिंग अ‍ॅपवर ओळख झालेल्या जोडीदारासोबत राहणाऱ्या वसईच्या तरुणीची दिल्लीत हत्या झाल्याचे नोव्हेंबर २०२२ मध्ये उघड झाले. तिने नोव्हेंबर २०२० मध्येच नालासोपाऱ्यात तुळींज पोलिसांना मारहाणीची आणि जिवाच्या भीतीची लेखी तक्रार दिली होती. नंतरची चर्चा अ‍ॅप आणि धर्म यांभोवतीच फिरली. एक गोष्ट मागे राहिली: तिचा फोन लागत नाही, हे घरच्यांच्या कानावर घातले ते एका मित्राने. त्यानंतर वडिलांनी माणिकपूर पोलिसांकडे धाव घेतली. घराशी बोलणे तुटले होते. धागा टिकला तो मित्राचा.

म्हणून तरुणांना सांगणे एवढेच. पहिली भेट गर्दीच्या ठिकाणी ठेवा, आणि कुठे, कुणाला भेटतोय हे एका मित्राला सांगून जा. गर्भनिरोधासाठीची आपत्कालीन गोळी संसर्ग रोखत नाही; कंडोम वापरा. एचआयव्हीचा धोका वाटला तर ७२ तासांच्या आत, जमल्यास त्याच दिवशी, सरकारी रुग्णालयात या; औषधे वेळेत सुरू झाली तर लागण टाळता येते. एचआयव्ही चाचणी तेथे मोफत होते आणि माहिती गोपनीय राहते. व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. दिले तरी मागणी थांबत नाही. पुरावा जपा आणि १९३० वर कळवा.

आणि आईवडिलांना? मुलांचा फोन तपासून काही हाती लागत नाही. मुले दुसरा फोन घेतात. "आमचे ऐकले नाहीस, आता भोग" हे वाक्य मात्र कायमचे टाकून द्या. त्या वाक्याच्या भीतीने किती मुली मार खात राहतात, किती मुले आजार अंगावर काढतात. निवड चुकली तरी परतीचा दरवाजा उघडा आहे, हे मुलांना आधीच ठाऊक असले पाहिजे. तिसऱ्या माणसाची जागा रिकामी आहे. ती आपण नाही घेतली तर अडचणीत हाक मारायला त्यांच्याजवळ कुणी उरणार नाही.