कमरेचा बटवा
आजीच्या कनवटीला सुटे पैसे आणि कमरेच्या छल्ल्याला किल्ल्या असायच्या. आपल्या ड्रेसला मात्र खिसा नाही, आणि पर्स खुंटीला! वस्तीत काम करताना नेहमी दिसतं, भांडण झालं की नवरा दाराला कुलूप लावून निघून जातो आणि बाई पोरं घेऊन पायरीवर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिलाय. पण कुलूप उघडायला किल्लीच लागते ना! म्हणून मी प्रत्येकीला सांगते, ब्लाऊजपीसचा दोन कप्प्यांचा बटवा शिवून घे. एकात घराची जादा किल्ली, दुसऱ्यात माहेरी पोचण्यापुरते रोख पैसे. ‘पैसे मोबाइलमध्ये असतात की!’ मुली म्हणतात. अगं, भांडणात आधी मोबाइलच हिसकावला जातो. आणि हो, किल्लीच्या कप्प्याला चेनच लावा, नुसत्या नाडीने ती घसरते.