कापलेले खाचर, होला आणि बंदूक

भाताची कापणी आटोपून भारे खळ्यावर गेले की रेवस, बोडणी, सारळ, हाशिवरे या खाडीकाठच्या भागातील खाचरे थोड्याच दिवसांत मोकळी दिसू लागतात. चिखल सुकतो, धसकटे पांढुरकी पडतात आणि ऊन बांधावर येते न येते तोच होले प्रथम जोडीजोडीने व पुढे थव्याथव्याने खाली उतरतात. कोणी या पक्ष्यास होला म्हणतो, कोणी कवडा. नेमक्या याच दिवसांत कोठे ठासणीची बंदूक, कोठे छर्ऱ्याची हवाई बंदूक, तर कोठे साधी गलोल घराबाहेर निघते. कारण विचारले तर ‘पाखरांपासून शेत राखतो’ हे उत्तर ठरलेले असते. उत्तर ऐकण्यास बरे वाटते. परंतु ज्या खाचरातील पीक घरी गेले, त्या खाचरात राखावयाचे तरी काय, हा प्रश्न गावपातळीवरील कार्यकर्त्याने संकोच न बाळगता विचारावयास हवा.

होला हा जमिनीवर चालत दाणे टिपणारा पक्षी आहे. उभ्या भाताच्या लवचिक लोंबीवर तोल सांभाळून दाणे ओरबाडणे त्याच्या शरीराच्या घडणीस साधत नाही. दाणा भरतेवेळी आणि पिकल्यावर पक्ष्यांकडून जे नुकसान होते, ते मुख्यत्वे मुनिया, सुगरण, चिमणी व पोपट यांच्याकडून होते. त्यांचा राग पुढे होल्यावर निघतो. कारण होला अंगाने भरलेला, चालीने सावकाश आणि मोकळ्या रानात सहज नजरेस पडणारा. मारावयास सोपा आणि खाण्याजोगा, म्हणून तो अपराधी ठरला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

कापलेल्या खाचरात तो टिपतो ते गळलेले भात आणि जंगली सावा व इतर गवताळ तणांचे बी. गळलेले भात कणगीत परत येणार नसते. लोंबीतील सुमारे ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे होताच कापणी करावी आणि भारे सकाळच्या गारव्यात वाहून न्यावेत, हे कृषी विभाग वर्षानुवर्षे सांगत आला आहे. आठवडाभर उशीर झाल्यामुळे सांडलेल्या भातासाठी जो होल्यावर बंदूक उचलतो, त्याचे नुकसान होला येण्यापूर्वीच झालेले असते. उलट, बियाण्याच्या खाचरात तर गळलेला दाणा तसाच राहणे अनिष्ट. तो पुढील पावसात आपोआप उगवतो आणि जातीत भेसळ करतो. होल्याने तो टिपला तर त्यात शेतकऱ्याचा तोटा कोणता?

खारेपाटातील परिस्थिती याहूनही स्वच्छ आहे. येथील जमीन पावसाच्या पाण्याने धुतली जाते तोवरच भाताला योग्य राहते. पाऊस सरला की क्षार वर येतात. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने दिलेल्या पनवेल १, पनवेल २ व पनवेल ३ या क्षार सहन करणाऱ्या जाती घेतल्या तरी पीक एकच. कार्तिकानंतर ही खाचरे पुढील पावसाळ्यापर्यंत रिकामी असतात. त्या जमिनीचा खरा शत्रू पाहावयाचा असेल तर तो बंदिस्तीत सापडतो. खेकड्याने वा उंदराने पोखरलेले एक बीळ आणि वेळेवर न झाकलेली एक उघाडी जेवढे भात बुडवील, तेवढे या पट्टीतील सारे होले मिळूनही खाणार नाहीत. बंदूक घेऊन खाचरात घालविलेली सकाळ बंदिस्तीवर एक फेरी मारण्यात घालविली असती तर ती सार्थकी लागली असती.

तथापि शेतकऱ्याची तक्रार सर्वस्वी खोटी आहे असे मानणेही न्यायाचे होणार नाही. खार संपून गोडी जमीन लागते तेथे भातानंतर उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. या वालाचे बी उघडे राहिले तर पारवे व होले ते वेचतात. कोंब वर येताना डाळिंब्याही टोचून नेतात. ज्याने घरचे निवडक बी टाकले, त्याला ही हानी जाणवणारच. खळ्यावर पसरलेले भातही ते खातात. परंतु हा काळ मोजका असतो. बी टाकल्यापासून रोपास दोन पाने नीट सुटेपर्यंत, म्हणजे साधारणपणे दहा-बारा दिवस, राखण हवी. आणि तीही दिवसभर नव्हे. होले मुख्यतः सकाळी ऊन कोवळे असताना आणि दुपार टळल्यावर चरतात. या दोन वेळा घरातील एक माणूस बांधावर असला तरी काम भागते. बी ओलीत नीट झाकावे, वर एकही दाणा दिसू नये. शेजाऱ्यांनी आपापल्या सोयीने मागेपुढे पेरण्याऐवजी एकाच आठवड्यात पेरणी उरकावी. म्हणजे थवा एकाच तुकड्यावर तुटून पडत नाही. चकाकणाऱ्या फिती बांधाव्यात. बुजगावणे उभारावे, मात्र ते दोन दिवसांनी हलवावे. एका जागी उभ्या राहिलेल्या बुजगावण्याच्या खांद्यावर चौथ्या दिवशी होलाच येऊन बसतो, हे दृश्य कोणी पाहिले नसेल? खळ्यावरील रास जाळ्याने वा चादरीने झाकण्यास तर काहीच खर्च येत नाही.

एवढे करूनही बंदुकीचाच आग्रह असेल, तर कायदा काय म्हणतो हे शेतकरी बंधूंना समजावून सांगणे अगत्याचे आहे. कारण याबाबत गावोगावी जुन्या समजुती अद्याप टिकून आहेत. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशू व वन्य पक्षी यांच्या संरक्षणाचा अधिनियम केला होता. त्यानंतर १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला. त्यातही आरंभी परवाना काढून लहान शिकार करता येत असे. वडीलधारी मंडळी ‘आमच्या वेळी परवाना मिळे’ असे म्हणतात ते खोटे नाही. परंतु १९९१ च्या दुरुस्तीने ते परवानेच बंद झाले. २०२२ साली पुन्हा दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. होल्यांचा समावेश आता दुसऱ्या अनुसूचीत आहे, आणि त्यांची शिकार केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या अधिनियमात शेतकऱ्याच्या अडचणीचा विचारच नाही, असेही नाही. कलम ११ अन्वये एखादा वन्यप्राणी मालमत्तेस घातक ठरला तर मुख्य वन्यजीव रक्षक अथवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेशाने त्याच्या शिकारीस परवानगी देऊ शकतो. मालमत्ता या शब्दात तेथे उभ्या पिकांचा समावेश केलेला आहे. उभी पिके हे शब्द ध्यानात घ्यावेत. धसकटांस कोणी उभे पीक म्हणत नाही. म्हणजे ज्या कारणाने परवानगी मागता येईल ते कारणच कापणीबरोबर खाचरातून उठून जाते.

शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे, हाही गैरसमज आहे. फास लावणे, जाळे टाकणे, आमिष म्हणून दाणे पसरणे, पक्ष्यास जखमी करणे, घरट्यातील अंडी मोडणे, आणि यांपैकी काहीही करण्याचा प्रयत्न, हे सारे कायद्याने शिकारीतच मोडते. हवाई बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून तिने पाखरू मारण्यास हरकत नाही, असे तरुण मंडळी समजतात. शस्त्र कोणते, हे येथे पाहिले जात नाही. शेत स्वतःच्या मालकीचे आहे, हा बचावही चालत नाही.

सर्वांत गंभीर बाब पुढेच आहे. डोंगराकडील वाड्यांतून रानडुकरांचा उपद्रव असतो आणि शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना काही शेतकऱ्यांकडे असतो. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने वा घाटमार्गे मोटारीने सुटीसाठी आलेल्या एखाद्या पाहुण्याच्या आग्रहाखातर ही बंदूक खाचरात नेली जाते, अथवा त्याच्या हाती दिली जाते. पाहुणा संध्याकाळी परत जातो. शेतकरी मात्र गावातच राहतो. गुन्ह्यास साहाय्य करणारा हाही कलम ५२ प्रमाणे गुन्हेगारच. ज्या शस्त्राने गुन्हा घडला त्याचा परवाना रद्द करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, आणि दोषी ठरलेल्या परवानाधारकास पुढील पाच वर्षे नवा परवाना मिळण्यास अपात्र ठरवू शकते. चार होल्यांच्या रश्श्यासाठी पाच हंगाम परवान्यावाचून रानडुकरांपुढे हात जोडून बसावे लागावे, हा व्यवहार कोणत्याही शहाण्या माणसाने करू नये.

‘मग अमेरिकेत कशी चालते?’ असा प्रश्न अलीकडे सुशिक्षित तरुणांकडून येतो. तेथे कापलेल्या धान्याच्या शेतावर होल्यांची शिकार होते हे खरे आहे. सप्टेंबरपासून हंगाम सुरू होतो. परंतु नेहमीच्या पद्धतीने कापणी होऊन दाणा सांडला असेल तरच ती करता येते. मुद्दाम धान्य पसरून पक्षी गोळा केले तर तो तेथेही गुन्हा आहे. दिवसाला माणशी १५ पक्ष्यांची मर्यादा असते, आणि ही मर्यादा दरवर्षी पक्ष्यांची गणती व पायात कडी अडकविलेल्या पक्ष्यांची नोंद यांवरून ठरविली जाते. ही काळजी त्या देशाला फुकट सुचलेली नाही. आभाळ झाकून टाकणारे प्रवासी कबुतरांचे थवे तेथे होते. त्या जातीचा अखेरचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. युरोपातही होल्याची एक जात तणनाशकांमुळे तणांचे बी नाहीसे झाल्याने व शिकारीने फार खालावली. फ्रान्स व स्पेन यांनी २०२१ पासून काही हंगाम तिची शिकार थांबविली, तेव्हा पश्चिम युरोपातील तिची संख्या पुन्हा चढू लागली. आपल्याकडे बंदी आहे. तेथील नियमांतील सोयीचा अर्धा भाग उचलून आणण्यात अर्थ नाही.

होल्याची वीण वर्षातील बहुतेक महिने चालते. काड्यांच्या विरळ घरट्यात दोन अंडी असतात आणि पिलांना नर व मादी दोघेही आपल्या गळ्यातील पिशवीत तयार होणारा दुधासारखा रस भरवितात. खाचरात एक पक्षी पडला की बहुधा कोठेतरी बाभळीवर दोन पिले उपाशी राहतात.

विषाविषयीही सांगणे जरूर आहे. कापणीनंतर उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष वापरतात. ते बिळात घालून बिळाचे तोंड चिखलाने बंद करावे, उघड्या बांधावर कदापि टाकू नये. तसे टाकलेले दाणे प्रथम होले खातात. सुस्त पडलेला वा मेलेला होला कोणी घरी नेऊन शिजवू नये. कुत्र्यालाही घालू नये. हातमोजे घालून खोल पुरावा. बंदुकीचे छर्रे बहुधा शिशाचे असतात, ते वर्षानुवर्षे मातीत राहतात आणि पक्षी त्यांना खडे समजून गिळतात. शिवाय त्या दिवसांत खाचरांतून बायका सरवा वेचीत असतात, गुरे सुटलेली असतात. सपाट रानात जमिनीलगत झाडलेला छर्रा कोठवर जाईल याचा हिशेब झाडणाऱ्याजवळ नसतो.

गलोल घेतलेला मुलगा आणि बंदूक घेतलेला पाहुणा यांना एकाच मापाने मोजू नये. कातकरी कुटुंबे कापणीनंतर खाचरातील उंदरांची बिळे खणतात. ही शेतकऱ्याची मोठीच सेवा आहे आणि तिला उत्तेजन द्यावे. त्यांच्या मुलाच्या हाती एखादा होला सापडला म्हणून थेट चौकीची भाषा बोलणाऱ्या कार्यकर्त्याचे पुढे त्या वाडीत कोणी ऐकणार नाही. शाळेतील गुरुजींनी त्या मुलांशी बोलावे. रेवसच्या दक्षिणेस असलेल्या किहीम येथे १९३० साली सुगरणीच्या विणीचा अभ्यास करणारे डॉ. सालिम अली यांनीही लहानपणी हवाई बंदुकीने एक चिमणी मारली होती; तिच्या गळ्यावरील पिवळा डाग पाहून तिची जात विचारण्यास ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तेथून त्यांचे सारे आयुष्य बदलले. बंदूक देणाऱ्या व नेणाऱ्या प्रौढांना मात्र अशी सवलत नको. त्यांची माहिती वनरक्षकास वा पोलीस पाटलास द्यावी.

भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागताच कार्यकर्त्याने आपल्या गावातील परवानाधारकांना घरी जाऊन भेटावे, कलम ११ मधील ‘उभी पिके’ या शब्दांचा अर्थ त्यांना सांगावा, आणि त्याच फेरीत वाल कोण, कोठे व कोणत्या आठवड्यात टाकणार याची यादी करावी. राखणीच्या पाळ्या त्या यादीवरून लावता येतात.