निषेध कोणी करावा आणि कोणाकडे मागावा? (धागा)

१ ऑगस्ट २०२५. दौंड तालुक्यातील यवत. एका तरुणाच्या समाजमाध्यमावरील मजकुरावरून गावात दगडफेक आणि जाळपोळ झाली. मजकूर एकाचा होता. हिशेब त्याच्या अवघ्या समाजाकडून मागितला गेला.

ही रीत या मुलखाला नवी नाही. दौंडला लागून असलेली बारामती हे नथुराम गोडसेचे जन्मस्थान. ३० जानेवारी १९४८ रोजी त्याने गांधीजींची हत्या केली आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे पेटली. त्यांत माडगूळकरांचे माडगूळचे घरही होते. त्या घरातील व्यंकटेश माडगूळकर १९४२ च्या चळवळीत उतरलेले होते. पण जाळणाऱ्यांना आडनाव पुरेसे होते. (त्यांची ‘वावटळ’ ही कादंबरी याच दिवसांची आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती वाचायलाच हवी.)

मग धर्मबांधवांनी निषेध करूच नये काय? येथे २००८ साल पाहावे लागते. फेब्रुवारीत देवबंदच्या संमेलनात हजारो उलेमांनी दहशतवाद इस्लामविरोधी ठरवला. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि ‘हे गप्प का?’ हा प्रश्न पुन्हा जसाच्या तसा उभा राहिला. मागणाऱ्याला उत्तर ऐकायचेच नसेल, तर कितीही पत्रके काढली तरी ती अपुरीच पडतात.

त्या हल्ल्यात नऊ हल्लेखोर मारले गेले. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाचा कारभार पाहणाऱ्या जामा मशीद न्यासाने त्यांना दफनासाठी जागा नाकारली. मृताला माती देणे हे इस्लाममध्ये साऱ्या समाजावरचे कर्तव्य मानले जाते. त्यामुळे हा नकार पत्रकाहून फार जड होता. मृतदेह जे. जे. रुग्णालयात वर्षाहून अधिक काळ पडून राहिले. जानेवारी २०१० मध्ये त्यांचे गुपचूप दफन झाल्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी त्या एप्रिलमध्ये जाहीर केले.

हे भीतीपोटी घडले, असे कोणी म्हणेल. थोडी भीती असेलही. तरीही मारेकरी ज्या धर्माचे नाव घेत होते, त्याच धर्माच्या एका संस्थेने आपल्या अधिकारातली गोष्ट त्यांना नाकारली. असा निषेध न्यासाने, मठाने, मंदिराने, जातिसभेने करावा. ज्यांच्या शब्दाला समाजात वजन आहे, त्यांचे ते कामच आहे. यवतच्या बाजारात सकाळी फळी उघडणाऱ्या दुकानदाराकडे, किंवा १९४८ साली माडगुळ्यात घर असलेल्या माणसाकडे, तो मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.